उघडा प्रोग्राम

अकोल्याला एकटीनं जाऊन काही विकत आणायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि आणायचं होतं ते सॉफ्टवेअर. घरात तो शब्द नीट उच्चारता येणारी मी एकटीच. नांदुऱ्याच्या स्टेशनावर भाऊजींनी मला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं आणि खिडकीतून पुन्हा एकदा विचारलं, "पैसे सांभाळून ठेवले ना?" मी पर्स दाबून हो म्हटलं. गाडी जलंब सोडून शेगावकडे निघाली तरी माझा हात पर्सवरच होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदुऱ्यात त्यांचं कृषी केंद्र होतं: बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मी साखरखेर्ड्याची. बारावीनंतर औरंगाबादला मामांकडे राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. त्या काळात आमच्या जिल्ह्यात त्या डिप्लोम्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. वडील म्हणाले, स्थळ जमेपर्यंत ताईकडे जाऊन राहा, तिला दुकानात मदत होईल. मी नांदुऱ्याला आले आणि त्याच वर्षी भाऊजींनी दुकानात कॉम्प्युटर आणला. गावातली माणसं तो पाहायला येत आणि मला विचारत, "याच्यात सिनेमा दिसते का?"

भाऊजींच्या डोक्यात वेगळंच होतं. औषध घेणारा प्रत्येक जण पैसे देताना शेवटी एकच विचारायचा, "पंपामागे किती टाकू?" पंप म्हणजे पाठीवरचा फवारणीचा पंप, पंधरा लिटरचा. भाऊजी तोंडी सांगायचे. माणूस घरी पोचेपर्यंत विसरायचा, नाहीतर एका औषधाचं प्रमाण दुसऱ्याला लावायचा. तेव्हा पीक आणि औषध निवडलं की छापील चिठ्ठी निघाली पाहिजे, तिच्यावर पंपामागे किती मिली ते ठळक आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा प्रोग्राम मी लिहायचा होता. मी हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नव्हतं. डिप्लोम्यात आम्ही ग्रंथालयाचे, पगाराचे लटके प्रोग्राम लिहायचो. चुकलं तर सर लाल रेघ ओढायचे आणि आम्ही हसायचो. इथे चुकलं तर काय, हा विचार आला की मी उठून काहीतरी दुसरं काम काढायची.

अकोल्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात थंडगार हवा होती आणि चपला बाहेर काढाव्या लागत. दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवून माझं ऐकून घेतलं आणि काउंटरवर दोन खोकी आणून ठेवली. वरचं चित्र एकच. एक पातळ, दुसरं चांगलं वीतभर जाड.

"हे स्टँडर्ड, हे प्रोफेशनल," तो म्हणाला.

"फरक काय आहे?"

"स्टँडर्डमध्ये लिहिलेला प्रोग्राम उघडा राहतो. ज्या मशीनवर हे सॉफ्टवेअर टाकलं असेल, तिथंच तो चालेल. आणि ज्याला थोडंफार समजतं तो आत जाऊन ओळी बदलू शकतो. प्रोफेशनलमध्ये तुम्हाला तो बंद करून देता येतो. एकच फाईल बनते. कोणत्याही मशीनवर टाका, चालेल. पण आत काय लिहिलं आहे ते कुणाला दिसणार नाही, बदलता येणार नाही."

"मलापण नाही?"

"मूळ प्रत तुमच्याकडे असेल तर तुम्ही बदलाल आणि पुन्हा बंद कराल. मूळ प्रत हरवली, तर मग तुम्हीपण बाहेरच."

मी जाड खोक्याला हात लावला. ते हलेना इतकं जड होतं. आतमध्ये पुस्तकंच पुस्तकं असणार. प्रोफेशनल म्हणजे जे पोटासाठी हेच काम करतात ते लोक. माझ्यासारखीनं ते घ्यायचं म्हणजे डॉक्टर नसताना डॉक्टरची पाटी लावण्यासारखं मला वाटलं. दुकानदारानं विचारलं, "शिकायला घेताय की धंद्याला?" मी म्हटलं, घरी विचारून येते.

रस्त्यापलीकडे एसटीडी बूथ होतं. नांदुऱ्याला फोन लागला. मी भाऊजींना दोन्ही खोक्यांचं सगळं सांगितलं, घाईघाईत, समोरच्या मीटरकडे बघत.

"चिठ्ठी दोन्हीत निघते ना?"

"निघते. पण भाऊजी, साध्यात तो उघडा राहतो. कुणी हात घातला आणि एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर?"

"दुकानात आपल्याबिगर हात घालते कोण? अन् मले सांग, बंद करून ठेवला, अन् उद्या तुह्यं लग्न होऊन तू गेली, मंग नवं औषध आलं तं मी कोणाले बोलावू? उघडाच बरा."

त्यांची भीती माझ्या भीतीपेक्षा कमी खरी नव्हती. आपल्याच दुकानातल्या, आपल्याच पैशाच्या वस्तूला आपल्याला हात लावता येऊ नये, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. शिवाय त्या जाड खोक्यापासून सुटका झाली म्हणून मला आतून बरंच वाटलं. मी पातळ खोकं घेतलं आणि परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसले.

प्रोग्राम लिहायला दिवाळीनंतरचा सगळा हिवाळा गेला. लाईट जायची, आली की व्होल्टेज वरखाली व्हायचं, आणि लिहिलेलं पुसलं तर नाही ना म्हणून मी आधी ओळी मोजायची. औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून मी प्रमाणं भरली. कुठे दहा लिटरला दिलेलं, कुठे एकराला दिलेलं, ते सगळं पंधरा लिटरच्या पंपावर आणायचं. दशांशाचं टिंब मला स्वप्नात दिसायचं. म्हणून मी एक ओळ मुद्दाम घातली: पंपामागे चाळीस मिलीच्या वर आकडा आला, तर चिठ्ठी छापायचीच नाही, 'तपासा' म्हणून थांबायचं. आमच्या दुकानातलं तेव्हाचं कुठलंच औषध तेवढं लागत नसे.

भाऊजी स्टूल ओढून शेजारी बसायचे. मी कुठली बटणं दाबून आत जाते, ओळ कशी बदलते, कशी साठवते, हे त्यांनी नुसतं बघून उचललं. "ही ओळ काऊन?" असं विचारायचे आणि मी सांगायची. मला त्यांचं कौतुक वाटायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळा सातवीपर्यंत झालेली, आणि कीबोर्डला न घाबरणारा. घाबरत मीच होते.

पुढच्या पावसाळ्यात चिठ्ठ्या सुरू झाल्या. खरखर आवाज करत प्रिंटर कागद पुढे ढकलायचा, ताई तो फाडून माणसाच्या हातात द्यायची. माणसं चिठ्ठी टोपीत ठेवत, बनियनच्या खिशात ठेवत. पहिले काही आठवडे मी प्रत्येक चिठ्ठीचा हिशेब पेन्सिलीनं कागदावर करून बघायची. तो नेहमी जुळायचा. मग हळूहळू मी बघायचं सोडलं. माणसांनी तर कधी बघितलंच नव्हतं. भाऊजींनी तोंडी सांगितलेलं प्रमाण ते घरी जाऊन शेजाऱ्याला विचारायचे. मशीननं छापलेलं कुणी कुणाला विचारत नव्हतं. हे मला त्याच वेळी जाणवलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं.

दसरा झाला आणि मला साखरखेर्ड्याहून बोलावणं आलं. पाहुणे बघायला येणार होते. मी आठवडाभर गावी राहिले, चहाचे कप नेले, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि खामगावला एसटी बदलून नांदुऱ्याला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसले होते. एक माणूस वांग्यावरच्या किडीचं औषध मागत आला. बाटली नवी होती, मी गेले तेव्हा हे औषध दुकानात नव्हतं. मी पीक निवडलं, औषध निवडलं. प्रिंटर खरखरला. मी कागद फाडला आणि द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात माझी नजर आकड्यावर गेली.

पंपामागे ७५ मिली.

चाळीसच्या वर आकडा छापलाच कसा जाईल, हे मला आधी कळेना. मी बाटली उलटी करून वाचली. दहा लिटरला पाच मिली. म्हणजे पंपाला साडेसात. मी पुन्हा वाचलं. त्या माणसाला हातानं 'साडेसात' असं लिहून दिलं, तोंडानंही दोनदा सांगितलं. मग प्रोग्राम उघडून पाहिला: माझी अडवणारी ओळच तिथे नव्हती. मी मागच्या गोदामात गेले. भाऊजी खताची पोती मोजत होते.

"भाऊजी, प्रोग्रामात कुणी हात घातला?"

"मीच घातला. ते नवं टॉनिक आलं ना पिकावर माराचं, त्याचं प्रमाण लय मोठं आहे. मशीन चिठ्ठीच देईना, तपासा तपासा करून राह्यली. समोर माणूस उभा. मंग मी आत गेलो, तू जातीस तसा, अन् ती अडवणारी ओळ काढून टाकली. बरोबर चाललं मंग."

"आणि वांग्याचं औषध?"

"तेई मीच टाकलं, त्याच रोजी. साडेसात."

"पंच्याहत्तर पडलंय. टिंब पडलं नाही."

ते माझ्याकडे वळले. मग पोत्यावर बसले. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. तोपर्यंत वाटत होतं की मोठं माणूस काहीतरी म्हणेल आणि हे एवढं मोठं राहणार नाही.

ताईला हाक मारली. त्या औषधाच्या बाटल्या तिनंच खोक्यातून काढून मांडल्या होत्या. तिनं फळी बघितली. तीन गेल्या होत्या, आदल्या दोन दिवसांत. तिन्ही चिठ्ठ्या तिनं आपल्या हातानं दिल्या होत्या. ती काउंटरला धरून आठवू लागली. एक स्टेशनच्या बाजूचा मळेवाला. एक वडनेर भोलजीचं नवराबायकोचं जोडपं, वांगी आणि मिरचीवाले, ते नेहमीचे. तिसरा?

"एक जण होता टोपीवाला," ताई म्हणाली. "संगं लेक होती त्याची, शाळेच्या ड्रेसातली. मले पाणी मागतलं लेकीसाठी. मी देल्लं."

"कोणत्या गावचा?"

"नाही माहीत. पहिल्यांदाच पाह्यला."

भाऊजींनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि स्कूटर काढली. मी मागे बसले. मला का नेलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्टेशनच्या बाजूचा मळेवाला घरीच होता. बाटली कोनाड्यात होती, बूच फोडलेलं नव्हतं. भाऊजींनी चिठ्ठी मागितली, तेव्हा तो हसला. "कायले, लॉटरी लागली का?" भाऊजींनी चिठ्ठी फाडून खिशात घातली, नवी लिहून दिली. मला क्षणभर वाटलं की तिघंही असेच भेटतील.

तिथून हायवेला लागलो. वडनेर नांदुऱ्यापासून फार लांब नाही, पण त्या रस्त्यानं कलकत्त्यापर्यंतचे ट्रक जातात आणि आमची स्कूटर प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं कडेला झुकत होती. भाऊजी नेहमी हळू चालवत. त्या दिवशी नाही. मी मनात हिशेब करत होते: माणसं फवारणी सकाळी करतात, नाहीतर ऊन उतरल्यावर. आता दुपार आहे. सकाळी केली नसेल तर वेळ आहे. सकाळी केली असेल तर. इथून पुढे मी हिशेब करू शकत नव्हते.

गावात विचारत मळ्यापर्यंत गेलो. बांधावर पंप आडवा पडला होता. त्याच्या शेजारी रिकामी बाटली. बाई निंबाखाली बसून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. तिनं भाऊजींना ओळखलं.

"दादा, तुम्ही कसे आले? पाहा ना याईले काय झालं. सकाळी फवारणी केली अन् तवापासून उलट्या करून राह्यले. डोळ्याले दिसत नाही म्हणतात."

"किती टाकलं पंपाले?" भाऊजींनी विचारलं.

"चिठ्ठीवर व्हतं तेवढं. तीन पंपातच बाटली सरली. मी म्हणलं, येवढं कसं लागते? तं हे म्हणे, मशीनची चिठ्ठी आहे, चुकत नाही."

त्या माणसाच्या तोंडातून लाळ येत होती आणि त्याच्या मांडीचे स्नायू आपोआप उडत होते. मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. औषधाचा वास अजून तिथे होता, गोडसर, नाकात बसणारा. भाऊजी त्याला काखेत धरून उचलायला लागले तेव्हा मी रिकामी बाटली उचलून ओढणीत गुंडाळली. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी हातात धरावं म्हणून मी ती घेतली असावी.

हायवेवर भाऊजी हात आडवे करून उभे राहिले. एक कांद्याचा टेम्पो थांबला. मागे पोत्यांवर त्या माणसाला झोपवलं, त्याची बायको आणि मी दोन बाजूंना बसलो, भाऊजी स्कूटरवर मागून आले. वाटेत ती बाई मला म्हणाली, "ताई, तुम्हीच लिहिता ना ते मशीनवर?" मी हो म्हटलं. ती पुन्हा नवऱ्याला पदरानं वारा घालू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बाटली मागितली. ती वाचून त्यांनी विचारलं, "प्रमाण किती घेतलं होतं?"

मी तोंड उघडलं, पण भाऊजी आधी बोलले. "दहापट. माह्या दुकानातून चुकीचं छापून गेलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सिस्टरला इंजेक्शन आणायला सांगितलं. मग त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुतलं. इंजेक्शन पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ताई डबा घेऊन आली आणि तो तिथेच तसाच राहिला. एक पोलीस आला, त्याला नाव, गाव, दुकान सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि 'उद्या या' म्हणाला. भाऊजींचा आवाज एकदाही चढला नाही की दबला नाही.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. "लाळ थांबून तोंड कोरडं पडलंय, नाडी सुधारली. आज उद्या लक्ष ठेवावं लागेल, पण वाचेल असं वाटतं." त्या बाईनं भिंतीला डोकं टेकवलं. तिचा नवरा काही दिवसांनी चालत घरी गेला. वांग्याचा तेवढा तुकडा करपून गेला, त्याची भरपाई भाऊजींनी केली. पोलिसांकडे भाऊजींना बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. पुढे ते प्रकरण मिटलं, कारण त्या नवराबायकोला ते वाढवायचं नव्हतं. त्यांनी असं का ठरवलं ते मी कधी विचारू शकले नाही.

पण तिसरी चिठ्ठी बाहेरच होती.

त्याच रात्री दवाखान्यातून निघून भाऊजी थेट बसस्टँडवर गेले. जीपवाल्यांना विचारलं, पानटपरीवाल्याला विचारलं. टोपीवाला माणूस आणि शाळेच्या ड्रेसातली मुलगी. अशी माणसं रोज शंभर उतरत. दुसऱ्या दिवशी ते आणि मी आजूबाजूच्या गावांत फिरलो, शाळांमध्ये गेलो. सगळ्या शाळांचा ड्रेस निळा आणि पांढरा. मास्तरांना सांगितलं, ते पोरींना रांगेत उभं करून विचारायचे, आणि कुठलीही हात वर करायची नाही. पुढच्या बाजाराला भाऊजींनी रिक्षावर भोंगा लावला. ताईनं अडवलं होतं. "दुकान बसन आपलं," ती म्हणाली. ते म्हणाले, "बसू दे." बाजारभर त्यांचाच आवाज फिरत होता: माझ्या दुकानातून वांग्याच्या औषधाची चुकीची चिठ्ठी गेली आहे, ज्याच्याकडे असेल त्यानं वापरू नये, परत आणून द्यावी. लोक थांबून ऐकत होते. कुणी आलं नाही.

मी रोज पेपर आधी आतल्या पानापासून वाचायची, तालुक्याच्या बारीक बातम्या. दुकानासमोर जीप थांबली की मी उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघायची. कदाचित त्या माणसानं बाटली वापरलीच नाही. कदाचित शेजाऱ्याला विचारून कमी टाकलं. कदाचित तो दुसऱ्या जिल्ह्यातला होता आणि तिकडे काही झालं असेल तर ते आमच्यापर्यंत येणार नव्हतं. आम्हाला काहीच कळलं नाही, आजपर्यंत नाही.

चिठ्ठ्या बंद होत्या. महिनाभरानं भाऊजी म्हणाले, "जाऊन ते जाड खोकं आणू. तू पह्यलेच म्हणत होतीस."

मी नको म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. मी सांगायचा प्रयत्न केला की प्रोग्राम बंद केला तर माझी चूकसुद्धा आत बंद होऊन बसेल, आणि बाहेरून कुणाला दिसणार नाही. उघडा होता म्हणून भाऊजींना ओळ काढता आली, हे खरं. पण उघडा होता म्हणून ती काढलेली मला लगेच दिसलीही.

"मंग हातानं लिहू," ताई म्हणाली.

"हातानं लिहिताना मी चुकत नसन का?" भाऊजी म्हणाले. "उलट तवा 'तपासा' म्हणून कोणी ओरडणारंच नाही. मले आता माह्यावर भरवसा नाही राह्यला. ज्याच्यात माह्या हात पोचत नाही असं पाह्यजे मले."

ज्या माणसानं उघडा हवा म्हणून हट्ट धरला होता, तोच आता स्वतःला बाहेर ठेवून कुलूप लाव म्हणत होता. मी अकोल्याला गेले, या खेपेला ते बरोबर होते. दुकानदारानं जाड खोकं काढलं. त्यानं कारण विचारलं नाही.

मी सगळं नव्यानं लिहिलं. प्रत्येक औषधाला त्याची स्वतःची मर्यादा दिली. आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही छापला. मग प्रोग्राम बंद केला आणि मूळ प्रत फ्लॉप्यांवर घेऊन माझ्या पेटीत ठेवली. ताईनं आपल्यापुरता एक नियम केला: चिठ्ठी द्यायच्या आधी ती माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि त्याच्याकडून म्हणून घ्यायची. काही माणसं लाजत, पण म्हणत. दुकान बसलं नाही. तरी प्रिंटरचा आवाज आला की मी जिथे असेन तिथून उठून बघायला यायची.

बघायला आलेले ते पाहुणे पसंती कळवून गेले होते. उन्हाळ्यात लग्न झालं, मी नाशिकला गेले, फ्लॉप्या बरोबर नेल्या. दुपारी घरात फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावायची. भाऊजींचा आवाज असला तर ते गव्हाच्या पेरण्यांबद्दल किंवा ताईच्या गुडघ्याबद्दल बोलू लागेपर्यंत मी श्वास धरून ठेवायची. नवं औषध आलं असलं तर मी नांदुऱ्याला जायची, एक ओळ घालायची, बंद करायची, परत यायची. सासरी सांगायची की ताईला बरं नाही.

काही वर्षं हे चाललं. मग एकदा त्यांचा फोन आला. नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर जुना प्रोग्राम चालत नव्हता. "बाटलीवरच आता नीट छापून येते सगळं," ते म्हणाले, जरा अडखळत, मला वाईट वाटेल म्हणून. मी म्हटलं, बरं झालं. मला खरंच फार हलकं वाटलं. मग ते सहज म्हणाले, "मलकापूरचा माह्या दोस्त तं अजून तोच वापरते."

"कोणता?"

"तुह्याच. बंद केलेला. मी त्याले कॉपी देल्ली होती मागं. कोणत्याई मशीनवर चालते म्हणे ना ते."

त्या फाईलमध्ये जुन्या औषधांची प्रमाणं होती, त्यांतली काही औषधं आता विकायलाच बंदी होती, काहींची तीव्रता बदलली होती, आणि आत कुणाला काही बदलता येणार नव्हतं. मीच तशी सोय केली होती. मी भाऊजींकडून नंबर घेतला आणि मलकापूरला फोन लावला. अनोळखी माणूस, आनंदी आवाज. "हाव, चालते ना. लय कामाची चीज आहे. तुम्ही बनवली का?"

मी त्याला सांगितलं, कागद घ्या. एकेक औषधाचं नाव सांगत गेले, ह्याची चिठ्ठी देऊ नका, ह्याचीही नको. तो माझ्या मागून नावं म्हणत होता. त्याच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक मोठ्यानं काही विचारत होतं. शेवटी मी म्हटलं, आता मला सगळी वाचून दाखवा. त्यानं वाचली. एक राहिलं होतं. मी ते पुन्हा सांगितलं, आणि त्यानं लिहिल्याचं ऐकू येईपर्यंत फोन ठेवला नाही.